जुनी लेन्स भरवशानं कुठून घ्यायची? जळकोटसारख्या गावातल्या फोटोग्राफरसाठी सविस्तर माहिती

कमी भांडवलात फोटोग्राफीचा धंदा कसा सुरू करायचा, यावर आपण व्हिडिओ केला होता. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारणा एकाच गोष्टीची झाली. "सर, नवीन लेन्स परवडत नाही, जुनी घ्यायचीय. पण भरवशाची कुठं मिळते?" व्हिडिओत हे सगळं बसत नाही, म्हणून इथे नीट लिहून काढलंय. थोडं लांब आहे, पण पैसे देण्याआधी एकदा पूर्ण वाचा.

आधी एक किस्सा सांगतो. जळकोट तालुक्यातल्या एका पोराचा मला फोन आला. लग्नाची ऑर्डर आठ दिवसांवर आलेली. त्याला ऑनलाइन जाहिरातीत ७०-२०० लेन्स दिसली, किंमत फक्त २२ हजार. विकणारा म्हणाला, "मी सैन्यात आहे, बदली झालीय, म्हणून स्वस्तात देतोय. पाच हजार आधी टाका, कुरिअर करतो." पोरानं पाच हजार टाकले आणि मग मला विचारायला फोन केला. तोवर समोरचा नंबर बंद झाला होता.

पाच हजार गेले ते गेलेच. पण त्याहून मोठी अडचण म्हणजे लग्न तोंडावर आलेलं आणि हातात लेन्स नाही. कपडे, भांडी, फर्निचर बदलून मिळतं. अक्षता एकदाच पडतात, त्या क्षणाचा फोटो परत काढता येत नाही. त्यामुळे आपल्या धंद्यात खराब लेन्स म्हणजे फक्त पैशाचं नुकसान नाही, गावातल्या नावाचंही नुकसान आहे.

त्या पोराचं पुढं काय झालं ते शेवटी सांगतो.

मुख्य गोष्ट एकच: परत जाता येईल तिथूनच घ्या

लोक विचारतात, "सर, एखादं चांगलं दुकान सांगा." मी दुकानाचं नाव सांगत नाही, कारण आज चांगलं असलेलं दुकान उद्या तसंच राहील याची खात्री कोणी द्यावी? मी एक कसोटी सांगतो. पैसे देण्याआधी स्वतःला विचारा: "या लेन्समध्ये उद्या काही निघालं, तर मी कोणाकडे आणि कसा परत जाणार?"

उत्तरात माणूस, पत्ता आणि कागद या तिन्ही गोष्टी असतील तर ती जागा भरवशाची. तिन्हीपैकी दोन असतील तर विचार करा. एकच असेल तर सोडून द्या, भाव कितीही चांगला असो.

जळकोटमधून बघितलं तर ही परतीची वाट तीन टप्प्यांत लागते. पहिला टप्पा उदगीर, लातूर, नांदेड. दुसरा हैदराबाद आणि मुंबईचे बाजार. तिसरा ऑनलाइन. याच क्रमानं शोधा.

त्याआधी: आपल्याला नेमकी कोणती लेन्स बसते?

अर्धी फसवणूक समोरचा करतो आणि अर्धी आपण स्वतःच करून घेतो. लेन्स चांगली असते, पण आपल्या बॉडीला चालत नाही.

कॅनन वापरत असाल तर हे लक्षात ठेवा. ईएफ लेन्स (लाल ठिपका) कॅननच्या सगळ्या ईओएस डीएसएलआर बॉडीला बसते. ईएफ-एस लेन्स (पांढरा चौकोन) फुल फ्रेम डीएसएलआरला बसत नाही. आज क्रॉप बॉडी आहे आणि पुढे फुल फ्रेम घ्यायचा विचार असेल, तर ईएफच शोधा.

निकॉनमध्ये वेगळीच गोम आहे. डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यावर जुनी एएफ किंवा एएफ-डी लेन्स लावली तर ती बसते, फोटोही निघतो, पण ऑटोफोकस होत नाही. वरातीत हातानं फोकस करत बसणार का? अशा बॉडीसाठी एएफ-एस लिहिलेली लेन्सच घ्या.

आता चांगली बातमी. कॅननचं आरएफ आणि निकॉनचं झेड हे मिररलेसचे माउंट २०१८ मध्ये आले. तेव्हापासून शहरातले फोटोग्राफर एकेक करून मिररलेसकडे गेले आणि त्यांच्या डीएसएलआरच्या लेन्स बाजारात आल्या. माल भरपूर आहे, म्हणून घाई करायची गरज नाही. "हीच शेवटची आहे, आणखी दोन गिऱ्हाइकं थांबलीत" असं कोणी म्हणालं तर शांतपणे "द्या त्यांना" म्हणा.

पहिला टप्पा: आपल्याच भागातले फोटोग्राफर

सगळ्यात भरवशाची लेन्स ती, जी तुम्ही कामावर चालताना बघितलीय. उदगीर, अहमदपूर, मुखेड, लातूर, नांदेड इथं वर्षानुवर्षं स्टुडिओ चालवणारे लोक आहेत. ते बॉडी बदलतात तेव्हा जुनी लेन्स कपाटात पडून राहते. ते जाहिरात देत नाहीत. आपण विचारावं लागतं.

कोणाला विचारायचं?

- अल्बम छापणारी लॅब. आसपासच्या तालुक्यांतले फोटोग्राफर तिथं येतात. कोण मिररलेसवर गेलं, कोणी धंदा बंद केला, हे लॅबवाल्याला बरोबर माहीत असतं.
- कॅमेरा दुरुस्त करणारा मेकॅनिक. कोणती लेन्स किती वेळा उघडली गेली, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. त्याला तपासणीचे पैसे द्या, फुकट सल्ला मागू नका.
- तुमच्या भागातले फोटोग्राफरचे व्हॉट्सअॅप ग्रुप. १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिनाच्या निमित्तानं लोक एकत्र येतात, तेव्हा ओळखी करून ठेवा.

इथं भाव मुंबईपेक्षा दोन-चार हजारांनी जास्त पडू शकतो. तरी परवडतो. कारण विकणाऱ्याचं दुकान कुठं आहे, घर कुठं आहे, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि त्यालाही याच भागात धंदा करायचा असतो. शिवाय "दादा, दोन दिवस वापरून बघतो, मग पैसे देतो" असं ओळखीतच म्हणता येतं.

वेळेचंही गणित आहे. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि सगळ्यांनाच लेन्स हवी असते. आषाढापासून पुढचे चार महिने काम कमी असतं, विकणाऱ्याला पैशाची गरज असते आणि तुम्हाला तपासायला वेळ असतो. खरेदी त्या दिवसांत करा. सीझनच्या तोंडावर घेतलेली लेन्स घाईत घेतलेली असते.

दुसरा टप्पा: हैदराबाद आणि मुंबई

जवळपास मिळालीच नाही तर मोठा बाजार गाठायचा. आपल्याला दोन सोयीचे आहेत.

हैदराबाद आपल्याला काही परकं नाही. उदगीरहून भालकी, बिदर, विकाराबाद मार्गे रेल्वे आहे. तिथल्या कोठी भागात कॅमेऱ्याची दुकानं आहेत. लेन्समध्ये काही निघालं तर परत जायला मुंबईपेक्षा हेच जवळ.

मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार कॅमेऱ्यासाठी जुना आणि नावाजलेला. सीएसएमटी स्टेशनाच्या अगदी जवळ. लातूरहून रात्रीच्या गाडीनं निघालात तर सकाळी तिथं उतरता. नवं, जुनं, सुटे भाग, दुरुस्ती सगळं एकाच भागात मिळतं. म्हणजे एका दुकानात लेन्स बघून दुसऱ्या ठिकाणी मेकॅनिकला दाखवता येते. "आधी मेकॅनिकला दाखवू द्या, डिपॉझिट ठेवतो" म्हटल्यावर दुकानदार चिडला, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

बाजारात जाताना एवढं करा:

१. स्वतःची बॉडी, चार्ज केलेल्या दोन बॅटऱ्या, रिकामं कार्ड आणि शक्य असेल तर लॅपटॉप घेऊन जा. दुकानाच्या बॉडीवर केलेली तपासणी आपल्या कामाची नाही.

२. पहिल्या दुकानात घेऊ नका. निदान तीन ठिकाणी त्याच लेन्सचा भाव विचारा. एक जण बाकीच्यांपेक्षा फारच स्वस्त देत असेल तर कारण शोधा.

३. "चेकिंग वॉरंटी" किती दिवसांची, ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. तोंडी "काही झालं तर या, आपण आहोत ना" याला काही अर्थ नाही. आपण जळकोटला, ते फोर्टमध्ये.

४. बिलावर लेन्सचं पूर्ण नाव आणि सीरियल नंबर हवाच. नुसतं "लेन्स १ नग" लिहिलेलं बिल चालणार नाही.

तिसरा टप्पा: ऑनलाइन

ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस यावर चांगल्या लेन्सही मिळतात, मी नाही म्हणत नाही. पण नियम पक्का ठेवा: माल हातात येईपर्यंत पैसे नाहीत. जाहिरात ऑनलाइन बघा, व्यवहार समोरासमोर करा. लातूर, नांदेड, फार तर हैदराबाद, म्हणजे जाऊन येता येईल तेवढ्याच अंतरातल्या जाहिराती बघा.

फसवणुकीच्या नेहमीच्या खुणा अशा:

- बाजारभावाच्या निम्म्याहून कमी किंमत.
- सैन्यात आहे, बदली झाली, परदेशी चाललोय अशी गोष्ट, सोबत ओळखपत्राचा फोटो. तो फोटो दुसऱ्याच कोणाचा असू शकतो.
- "टोकन" म्हणून आधी थोडी रक्कम, मग कुरिअरचे पैसे, मग जीएसटीचे पैसे. मागणी थांबतच नाही.
- "हा क्यूआर कोड स्कॅन करा, तुमचे पैसे परत येतील." नीट लक्षात ठेवा, यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून गेले.

विकणारा खरा आहे का हे बघायचं असेल तर व्हिडिओ कॉल करा. लेन्सशेजारी आजचं वर्तमानपत्र ठेवायला सांगा, सीरियल नंबर दाखवायला सांगा, बॉडीला लावून फोकस करून दाखवायला सांगा. खऱ्या विकणाऱ्याला यात काहीच अडचण नसते.

तरीही फसलात, तर लाजू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे खात्यात अडकवून ठेवले जाण्याची शक्यता जास्त. दोन दिवस "देईल बहुतेक" म्हणून वाट बघितली की पैसे पुढे निघून जातात.

लेन्स हातात आल्यावर करायची तपासणी

अर्धा तास लागतो. कोणासमोरही संकोच न करता करा.

१. बाहेरून बघा. पुढच्या रिंगला पोचा असेल तर लेन्स पडलेली आहे. स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे असतील तर ती उघडलेली आहे. उघडली म्हणजे वाईटच असं नाही, पण का उघडली हे विचारा.

२. मोबाइलची टॉर्च मारा. दोन्ही टोपणं काढा, एका बाजूनं उजेड टाका, दुसऱ्या बाजूनं तिरकं बघा. धुळीचे दोन-चार कण असतील तर फोटोवर फरक पडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, म्हणजे फंगस. काच दुधाळ दिसली तर आत थर धरलाय. दोन्ही असेल तर सोडा. दमट हवेत ठेवलेल्या लेन्समध्ये बुरशी जास्त दिसते, म्हणून मुंबई-कोकणातून आलेली लेन्स अधिक बारकाईनं बघा.

३. अपर्चरची पाती. एकाच भिंतीचे अपर्चर प्रायॉरिटीवर तीन फोटो काढा: एफ/४, एफ/८, एफ/१६. तिन्हींचा उजेड साधारण सारखा यायला हवा. एफ/१६ चा फोटो पांढरट आला तर पाती अडकतायत.

४. फोकस. जवळ-दूर, जवळ-दूर असं वीस वेळा करा. खरखर आवाज, अडखळणं, मध्येच थांबणं नको.

५. झूम लेन्स असेल तर प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा. २४, ३५, ५०, ७० असं. आतली पट्टीसारखी केबल झिजली असेल तर एखाद्याच टप्प्यावर बिघाड दिसतो. कॅननवर "एरर ०१" आलं तर लेन्स आणि बॉडीचा संपर्क तुटतोय. आधी सोनेरी पिना कोरड्या स्वच्छ कापडानं पुसून बघा. परत आलं तर सोडा.

६. वर्तमानपत्राची तपासणी. भिंतीला वर्तमानपत्र सपाट चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर अगदी सरळ समोर ठेवा, अपर्चर पूर्ण उघडा, फोटो काढा. चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून बघा. कोपरे मधल्या भागापेक्षा थोडे मऊ असणारच. पण डावी बाजू स्पष्ट आणि उजवी पुसट असेल, तर कॅमेरा परत सरळ करून पुन्हा काढा. तेच दिसलं तर आतली काच सरकलेली आहे. ग्रुप फोटोत एका बाजूचे पाहुणे पुसट येतील आणि तेव्हा ऐकून घ्यावं लागेल तुम्हाला.

७. स्टॅबिलायझर. १/३० शटरवर एकदा चालू ठेवून, एकदा बंद करून फोटो काढा. फरक दिसायला हवा.

सगळे फोटो लॅपटॉपवर बघा. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळंच छान दिसतं.

कागद: दहा मिनिटांचं काम, पण टाळू नका

ओळखीच्या माणसाकडून घेतली तरी साध्या कागदावर लिहून घ्या. विकणाऱ्याचं नाव, पत्ता, मोबाइल, लेन्सचं नाव, सीरियल नंबर, किंमत, तारीख, "ही वस्तू माझ्या मालकीची आहे" हे वाक्य आणि सही. पैसे यूपीआयनं किंवा बँकेतून द्या. मूळ बिल असेल तर तेही मागा.

"एवढं कशाला?" असं वाटेल. कारण असं की कॅमेरे आणि लेन्स चोरीला जातात. चोराकडून घेतलेल्या वस्तूची मालकी पैसे मोजले तरी आपल्याकडे येत नाही. आणि माल चोरीचा आहे हे माहीत असून किंवा तसं वाटायला कारण असूनही अप्रामाणिकपणे घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तो गुन्हा आहे. बिल नाही, डबा नाही, किंमत निम्मी, आणि विकणारा नावही सांगत नाही, असं असेल तर "मला माहीत नव्हतं" म्हणणं अवघड जातं.

दुकानातून घेतलेल्या मालाबाबत आणखी एक कामाची गोष्ट. पुष्कळ जणांना वाटतं की धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची ग्राहक तक्रार होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये याला अपवाद आहे: फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर तुम्ही ग्राहकच आहात. म्हणजे एकट्यानं धंदा करणारा फोटोग्राफर तक्रार करू शकतो. तीही दुकान मुंबईत असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे लातूरच्या जिल्हा आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पण हे सगळं बिल असेल तरच जमतं. खासगी माणसाकडून घेतलेल्या जुन्या वस्तूला हा मार्ग लागू होत नाही, तिथं तुमचा कागद आणि ओळख हेच संरक्षण.

आता हिशोब: घ्यायची की भाड्यानं आणायची?

आकडे समजायला सोपे जावेत म्हणून धरलेत, तुमचे आकडे घालून करा.

समजा लेन्स जवळपास ३६ हजारांना मिळते आणि मुंबईत ३२ हजारांना. चार हजार वाचले असं वाटतं. पण जाण्यायेण्याचे, खाण्यापिण्याचे अडीच हजार धरा. दोष निघून परत जावं लागलं तर आणखी अडीच हजार. म्हणजे एका फेरीतच बचत संपून हजार रुपये वरून गेले, आणि बुडालेले दोन दिवस वेगळेच.

दुसरा हिशोब. समजा ३६ हजारांची लेन्स दोन वर्षं वापरून २८ हजारांना विकली. तुमचा खरा खर्च आठ हजार. तीच लेन्स भाड्यानं एका दिवसाला हजार रुपयांना मिळते. वर्षाला बारा ऑर्डर असतील तर दोन वर्षांत २४ हजार भाडं जाईल, म्हणून विकत घ्या. वर्षाला तीनच ऑर्डर असतील तर दोन वर्षांचं भाडं सहा हजार, म्हणून भाड्यानंच आणा. हातात पैसे आहेत म्हणून घेऊ नका, काम आहे म्हणून घ्या.

आणि घेतल्यावर जपा. पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या बॅगेत कपाटात कोंबून ठेवू नका. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. चांगली ठेवलेली लेन्स विकतानाही चांगला भाव आणते.

त्या पोराचं काय झालं?

मी त्याला आधी १९३० वर तक्रार करायला लावली. मग म्हटलं, लेन्स विकत घ्यायचा विषय बंद, लग्न सांभाळ. त्यानं उदगीरच्या एका जुन्या फोटोग्राफरकडून दोन दिवसांसाठी लेन्स भाड्यानं आणली. लग्न नीट झालं. परत करायला गेला तेव्हा सहज विचारलं, "काका, ही विकायचीय का?" काका म्हणाले, "सीझन संपल्यावर ये." श्रावणात गेला, वर सांगितलेली सगळी तपासणी केली, कागद केला आणि तीच लेन्स घेतली. त्या ऑनलाइनवाल्यापेक्षा नऊ हजार जास्त दिले. पण पुढं एकदा फोकस अडकला तेव्हा त्यानं काकांनाच फोन केला आणि काकांनी त्यांच्या नेहमीच्या मेकॅनिककडे पाठवलं. नऊ हजारांत त्याला ही ओळखही मिळाली.

तुम्ही कोणती लेन्स शोधताय, बॉडी कोणती आहे आणि वर्षाला किती ऑर्डर असतात, हे कमेंटमध्ये लिहा. घ्यावी की भाड्यानं आणावी, याचा हिशोब आपण मिळून करू. आणि तुमच्या ग्रुपमध्ये कोणी नवीन पोरगं धंद्यात उतरत असेल, तर त्यानं टोकन पाठवायच्या आधी हा लेख त्याला पाठवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.